सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही: पार्ट बदलण्याआधी काय तपासाल

चावी फिरवली की सेल्फ जोरात लागतो, इंजिन घुमतं, पण पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा चावी मारली की तीच गाडी पहिल्या झटक्यात चालू. गॅरेजला नेली तर दिवसभर काही कुरकुर नाही, आणि दोन दिवसांनी खंडेराव मार्केटबाहेर, हातात भाजीच्या पिशव्या असताना, पुन्हा तेच. बडोद्यात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त पैसे खाते. गाडी माझ्यापर्यंत येते तोवर नवी बॅटरी बसलेली असते, प्लग बदलून झालेले असतात, कधी टाकीतला पेट्रोल पंपही बदललेला असतो, आणि तक्रार जिथल्या तिथे.

याचं कारण एकच. तपासणी चुकीच्या वेळी होते. अधूनमधून येणारा दोष गाडी चालू होत नसते त्या पाच-दहा मिनिटांतच हाती लागतो. गाडी चालू झाली की सगळे सेन्सर, सगळे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच), सगळ्या वायरी शहाण्यासारख्या वागतात, आणि मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो. त्या पाच मिनिटांत मेकॅनिक तिथे नसतो, तुम्ही असता. म्हणून हे गाडीच्या मालकांसाठी लिहितो आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींना पान्हासुद्धा लागत नाही, कान आणि डोळे पुरतात.

एक नियम आधीच सांगतो. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर तापते, बॅटरी उतरते, आणि स्पार्क नसताना पेट्रोल जात राहिलं तर ते न जळता सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतं. मग मूळ दोष किरकोळ राहतो आणि त्याच्या शोधात दुसराच महागडा पार्ट जातो.

आधी सेल्फचा आवाज ऐका

नुसतं टक् होत असेल, किंवा इंजिन दमल्यासारखं ढकललं जात असेल, तर तो बॅटरी-सेल्फचा विषय. पण एक मधली अवस्था असते आणि ती फसवते. सेल्फ फिरतो, म्हणून बॅटरी ठीक असं आपण धरून चालतो. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ मारत असताना हा आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. तो ९ च्याही खाली गेला तर सेल्फ फिरत राहील, पण ईसीयू (इंजिनाचा संगणक) बंद-चालू होत राहील आणि कॉइलला पूर्ण ताकद मिळणार नाही. घरात साधा मल्टिमीटर असेल तर एकाने चावी मारायची आणि दुसऱ्याने बॅटरीवर आकडा वाचायचा, एवढंच काम. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती काढूनच मोजा. इंजिनकडून बॉडीकडे येणारी अर्थिंगची पट्टीही हलवून बघा. जुन्या गाड्यांत ती आतून कुजलेली असते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

दुसरा आवाज धोक्याचा आहे. नेहमी सेल्फ मारताना इंजिनाचा एक ठेका ऐकू येतो, प्रत्येक सिलिंडर दाबला जातो त्याचा. तो ठेका नाहीसा झाला असेल आणि इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, सपाट भर्रर्र आवाजात फिरत असेल, तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे. बहुतेक वेळा टायमिंग बेल्ट तुटलेला किंवा दात सोडलेला असतो. इथे हात थांबवा. पुष्कळ इंजिनांत बेल्ट गेल्यावर पिस्टन येऊन व्हॉल्व्हला धडकतो, आणि प्रत्येक जास्तीच्या सेल्फबरोबर वाकलेल्या व्हॉल्व्हची संख्या वाढू शकते. अशी गाडी टो करूनच न्यायची. धक्का मारून चालू करायचा प्रयत्नही नको.

चावी ऑन ठेवा, सेल्फ मारू नका

ठेका नेहमीचा आहे, सेल्फचा वेगही ठीक आहे. आता चावी ऑनवर ठेवा आणि डॅशबोर्ड नीट वाचा.

इंजिनाचा पिवळा चेक लाइट लागायलाच हवा. तो चालताना दिसला की लोक घाबरतात, पण चावी ऑन केल्यावर दिसला नाही तर जास्त काळजी करा. तो लागत नाही याचा अर्थ बहुधा ईसीयूला वीजच पोचत नाही. मेन रिले, ईसीयूचा फ्यूज किंवा त्याची अर्थिंग तपासायची. अशा गाडीत पंप आणि प्लग बदलून काहीही होणार नाही.

मग चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह बघा. ते लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही. काही गाड्या अशा वेळी सेल्फ फिरू देतात पण इंजेक्टर बंद ठेवतात. काही एक सेकंद चालू होऊन बंद पडतात. दुसरी चावी घरी असेल तर तिने करून बघा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती वेगळी काढा, दोन चिपा शेजारी आल्या की वाचताना गोंधळ होतो. चावीतली ही चिप बॅटरीवर चालत नाही, त्यामुळे रिमोटने दार उघडलं म्हणजे चिप ठीक असं समजू नका.

तिसरी गोष्ट ऐकायची. मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, काच वर, पंखा बंद, रेडिओ बंद. चावी ऑन केल्याबरोबर सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. ती पेट्रोल पंपाची. पंप लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो, सेल्फ लागला की पुन्हा चालू होतो. गाडी ठीक असताना हा आवाज एकदा ऐकून ठेवा, म्हणजे नसेल तेव्हा कळेल. मी तर सांगतो, हे वाचून झालं की खाली जाऊन आजच ऐकून या.

आवाज आला नाही तर पंप मेला असं लगेच म्हणू नका. आधी फ्यूज. मग रिले. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असतो. दोन्हींवरचा नंबर आणि पिनांची मांडणी जुळत असेल तर चावी काढून अदलाबदल करा. गाडी चालू झाली आणि हॉर्न मुका झाला, तर दोष सापडला आणि खर्च एका रिलेचा. रिलेच्या आतला संपर्क गरम झाल्यावर चिकटतो किंवा सुटतो, आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करतो. दुपारी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी हे पुष्कळ पाहिलं आहे.

रिलेही ठीक असेल तर टाकीखालून हाताच्या मुठीने किंवा रबरी हातोड्याने दोन-तीन हलके ठोके, आणि त्याच वेळी दुसऱ्याने सेल्फ. ठोक्याने गाडी चालू झाली तर पंपाच्या मोटरचे कार्बन झिजले आहेत. तो घरापर्यंत नेईल, त्यावर भरवसा ठेवून पावागडला निघू नका.

फोर्ड आणि फियाटच्या जुन्या गाड्यांत आणखी एक स्विच असतो. गाडीला जोरात धक्का बसला की तो पंपाची वीज तोडतो. मोठ्या खड्ड्यातून गेल्यावर किंवा पार्किंगमध्ये कोणी मागून ठोकल्यावर गाडी चालू होईनाशी झाली असेल तर मॅन्युअलमध्ये त्याची जागा बघा. वरचं बटण दाबलं की काम झालं.

आणि एक, जे कोणी विचारत नाही: गाडी घेतल्यावर बाहेरून सिक्युरिटी सिस्टीम, रिमोट लॉक किंवा जीपीएस बसवलं होतं का? त्यातल्या बऱ्याच यंत्रणा इंजिन बंद करण्यासाठी स्टेअरिंगखाली इग्निशनची किंवा पंपाची वायर कापून मध्ये एक स्वस्त रिले टाकतात. पाच-सहा वर्षांनी तो रिले किंवा त्याचा टेप गुंडाळलेला जोड दगा देतो. कंपनीच्या वायरिंगच्या नकाशात हा जोड नसतो, म्हणून सर्व्हिस सेंटरला तो सापडायलाही वेळ लागतो. तुम्हीच सांगितलं तर तासाभराचं काम वाचतं.

सीएनजी गाडी असेल तर

बडोद्यात यावर जास्त लिहायला हवं, कारण इथे गॅसवरच्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांची ही तक्रार निराळ्या वाटेने येते. मारुतीच्या कंपनीतून आलेल्या सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन जरा गरम झालं की गॅसवर जातात. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शिअल किटचंही (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या किटचं) तसंच. टाटाच्या आयसीएनजी गाड्या मात्र थेट गॅसवर चालू होतात. म्हणजे बहुतेक गाड्यांत रोज सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पेट्रोलशिवाय पान हलत नाही, आणि मालक तर पेट्रोलकडे महिनोनमहिने बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एका काकांची गाडी आली. रोज मकरपुरा जीआयडीसीला जाणं-येणं, सगळं गॅसवर. सकाळी सेल्फ खातेय, चालू होत नाही. कधी तरी अचानक चालू होते. आधीच्या गॅरेजने पंप बदला म्हणून सांगितलेलं.

"काका, पेट्रोल किती आहे?"

"असेल की एक कांडी. गॅसवर चालते ना, पेट्रोल काय करायचंय?"

पेट्रोल पाच लिटर टाकून बघितलं, फरक नाही. पंपाचा आवाज येत होता. मग किटचा स्विच दाबून धरला आणि गाडी थेट गॅसवर चालू केली. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये ही सोय असते: चावी ऑन करताना स्विच काही सेकंद दाबून ठेवायचा, दिवा बदलतो, मग सेल्फ. गाडी लगेच चालू झाली.

ही एवढी एक परीक्षा केवढं काही सांगते, ते समजून घ्या. सिक्वेन्शिअल किट पेट्रोलच्याच ईसीयूचा इंजेक्टरचा हुकूम उचलून गॅस सोडतं. गाडी गॅसवर चालू झाली म्हणजे स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, क्रँक सेन्सर बोलतोय, चावी ओळखली गेली आहे, ईसीयू हुकूम देतो आहे. उरलं फक्त पेट्रोल: टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर आणि त्यांच्याकडे जाणारी वायर. अर्धी गाडी एका झटक्यात यादीतून बाद. सीएनजी गाडी असलेल्या प्रत्येकाने आपल्या किटमध्ये ही सोय आहे का, आणि कशी वापरायची, हे किट बसवणाऱ्याला विचारून ठेवावं.

काकांच्या गाडीत दाब मोजला, तो बरोबर होता. म्हणजे पंपही निर्दोष. गॅसवर जाताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद करायला किटवाले त्यांच्या वायरी मध्ये कापून एम्युलेटर (इंजेक्टर चालूच आहेत असं ईसीयूला भासवणारं यंत्र) जोडतात. इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) टेकून, काळ्या टेपचा एक गठ्ठा होता. टेप सोडवला तर आत पाणी झिरपलेलं, एक जोड हिरवा पडलेला, तांब्याच्या तारा बोट लावताच भुगा होऊन सुटल्या. चार इंजेक्टरना मिळून येणारी वीज त्याच जोडातून जात होती. जोड कापून नवीन सोल्डर केला, वर हीट श्रिंक ट्यूब चढवली, आणि तो गठ्ठा पाणी येणार नाही अशा जागी वर बांधला. पंप बदलला असता तर हजारो रुपये गेले असते आणि पुढच्या सरीला गाडी पुन्हा बंद.

सगळ्यांचं इतकं सरळ निघत नाही. गॅसवरच धावणाऱ्या गाडीत पेट्रोल तळाशी महिनोनमहिने पडून राहतं. सकाळी थंड इंजिन ज्या हलक्या वायूवर पेट घेतं तो भाग उडून जातो, मागे जड, चिकट भाग उरतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तळाशी थोडं पेट्रोल, वर मोठी रिकामी टाकी आणि बाहेर बडोद्याचा श्रावण, म्हणजे पाणी धरायला सगळी तयारी. इंजेक्टरच्या तोंडाशी राळ बसते ती वेगळीच. त्यात पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे, आणि काही किटच्या जोडणीत गाडी गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो. टाकीत तीन लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर फिरणारा माणूस पंप कोरडा भाजत असतो.

यावर उपाय साधा. टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका, आणि आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. काट्यावरही फार विसंबू नका. महिनोनमहिने एकाच जागी राहिलेला टाकीतला फ्लोट अडकतो आणि एक कांडी दाखवत राहतो.

गाडीत गॅसचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. चावी बंद, दारं उघडी, सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, आणि सेल्फ अजिबात नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो, तिथे प्रयोग चालत नाहीत.

गरम झाल्यावर रुसणारी गाडी

सकाळी घरून एका झटक्यात निघते. एक्सप्रेस हायवेने आणंदपर्यंत जाते, चहाला थांबता, दहा मिनिटांनी सेल्फ मारता आणि काही नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभे राहता, मग चालू. मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की अशा गाड्या रांगेने येतात.

इथे माझा पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर असतो. इंजिन फिरतंय की नाही आणि पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला तोच सांगतो. त्याचा संकेत आला नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलं आहे, म्हणून ना स्पार्क, ना इंजेक्टर, आणि पंपही दोन-तीन सेकंदांनी बंद. गाडी धावत असताना हवा लागते आणि सेन्सर तग धरतो. गाडी थांबवली की इंजिनाची धग वर येते, सेन्सरच्या आतली बारीक तार गरम होऊन तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते.

रस्त्यात हे ओळखायची खूण: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत सेल्फवर तो जरासा, दोनशेच्या आसपास, उचलला जातो. तो शून्यावर चिकटून राहिला तर संशय बळावतो. सगळ्याच गाड्यांत काटा इतक्या खालचं दाखवत नाही, म्हणून फोनला जोडायचा ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर त्यात सेल्फच्या वेळचा आरपीएम बघणं जास्त भरवशाचं. तिथेही शून्य दिसलं तर सेन्सर, त्याचा प्लग किंवा त्याची वायर, या तिघांपैकी एक.

गॅरेजमध्ये थंड गाडीवर हा सेन्सर नेहमी पासच होतो. दोन वायरींचा असेल तर ओहम मोजता येतो, पण थंड असताना मोजून काही कळत नाही. मी गाडी चालू ठेवतो आणि हीट गनने सेन्सरला हळूहळू ऊब देतो. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं तर वादच मिटला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमवर मोजायचा नसतो, त्याचा संकेत स्कोपवर किंवा स्कॅनरवर बघायचा. तुमच्या मेकॅनिकने सेन्सर गरम न करता "ठीक आहे" म्हटलं असेल, तर आदराने पण ठामपणे सांगा, भाई, गरम करून बघा. आणि नवा घेताना कंपनीचा घ्या. इथे स्वस्तातला पार्ट घेऊन पुन्हा तीच तक्रार घेऊन आलेले लोक मी बरेच बघितले आहेत.

सकाळी फार वेळ सेल्फ खाणारी गाडी

गाडी चालू होते, पण आठ-दहा सेकंदांनी. दिवसभर मग त्रास नाही. चावी ऑन करा, तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा ऑन. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता पटकन चालू झाली, तर रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरतो आहे. पंपातला परत न सोडणारा व्हॉल्व्ह गळतो, किंवा प्रेशर रेग्युलेटर, किंवा एखादा इंजेक्टर टिपकतो. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत लाइनचा दाब ३ ते ४ बार असतो. गाडी बंद केल्यावर तो काही मिनिटं तरी टिकायला हवा. गेज लावून दहा मिनिटं बघितलं की कळतं.

चावीच्या युक्तीने फरक पडत नसेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. सकाळी, चालू करण्याआधी, स्कॅनरमध्ये कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. हवा २५ अंश आणि कूलंट ८० दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गरम वाटतंय आणि तो पेट्रोल कमी देतोय. उलट, सेन्सरची वायर तुटली तर काही गाड्यांत उणे ४० दिसतं आणि ईसीयू इतकं पेट्रोल ओततो की प्लग भिजून जातात.

प्लग भिजल्याची खूण म्हणजे सायलेन्सरजवळ पेट्रोलचा उग्र वास. गाडी पार्किंगमधून काढून दुसरीकडे लावली, अर्ध्या मिनिटात बंद केली, तर धडधाकट गाडीतही हे होतं. अशा वेळी एक्सलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू यावेळी इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाते. इंजिन पकडू लागलं की पाय लगेच उचला.

प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरून स्पार्क बघायची जुनी सवय सोडा. आजच्या कॉइलमध्ये हजारो व्होल्ट असतात, हाताला झटका बसतो आणि ईसीयूसुद्धा जाऊ शकतो. स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो. एअर फिल्टर काढून बाटलीने पेट्रोल ओतणं तर कोणीही करू नये. उलटा भडका आला तर तो तोंडावर येतो.

पावसाळा, विश्वामित्री आणि उंदीर

विश्वामित्री नदीचे २०१९ आणि २०२४ चे पूर बडोदेकर विसरलेले नाहीत. समा, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा भागांत गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरलं की पहिला मोह होतो चावी फिरवून बघण्याचा. तो आवरा. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागचं हलत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी बंपरच्या वर गेलं असेल तर बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करा. बुडालेली गाडी चालू करायच्या प्रयत्नात इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो दावा अडतो. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर आपल्या पॉलिसीत आहे का, हे जूनच्या आधी बघून ठेवा.

नुसत्या दमट हवेत कॉइल आणि प्लगच्या वायरींना पडलेल्या बारीक भेगा त्रास देतात. अंधारात बॉनेट उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, दूर उभं राहून बघा. कॉइलभोवती निळसर ठिणग्या दिसल्या तर दोष तिथेच.

आणि उंदीर. जुन्या वाड्यांच्या बोळांत काय आणि नव्या सोसायटीच्या तळघरात काय, बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. गाडी दोन-चार दिवस उभी होती आणि मग चालू होईना, तर टॉर्च घेऊन इंजेक्टरच्या वायरी आणि एअर फिल्टरचा डबा बघा. लेंडी, कापूस, कुरतडलेली रबरी नळी, यातलं काहीही दिसलं तर आधी वायरिंग.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

डिझेलला प्लगचा स्पार्क नसतो, त्यामुळे वरचं सगळं लागू नाही. फिल्टर नुकताच बदलला असेल किंवा टाकी कोरडी पडली असेल तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत दाबा. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) सेल्फवर रेलचा दाब साधारण २०० बारच्या पुढे गेला नाही तर इंजेक्टर उघडतच नाहीत, तो आकडा स्कॅनरवर दिसतो. फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात काढत राहा. आपल्याकडच्या हवेत ग्लो प्लगमुळे (थंड इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या प्लगमुळे) गाडी अडण्याची वेळ क्वचित येते, मेकॅनिकने पहिलं नाव त्याचं घेतलं तर कारण विचारा.

गॅरेजला काय सांगाल

बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळापासूनच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. कोड वाचून घ्या, पण लगेच पुसू देऊ नका, आधी फोटो काढा. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅमशाफ्ट सेन्सरचं, पी०२३० पंपाचं, पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. कोड आला म्हणजे तो पार्टच खराब असं मात्र नव्हे. पी०३३५ सेन्सरच्या तुटलेल्या वायरीनेही येतो.

"गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, त्याआधी पेट्रोल कधी आणि कुठे भरलं, चेक लाइट लागला का, पंपाचा आवाज आला का, सेल्फवर काटा हलला का, गॅसवर चालू झाली का. बंद असतानाचा डॅशबोर्डचा आणि सेल्फच्या आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. माझ्याकडे असा व्हिडिओ घेऊन आलेल्या माणसाची गाडी मी बॉनेट उघडायच्या आधीच अर्धी तपासलेली असते.

आणि पंप बदला असं कोणी म्हणालं, तर दाब किती बार आला ते विचारा. सेन्सर बदला म्हणालं, तर गरम असताना संकेत बघितला का ते विचारा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. नव्या पंपावर आलेला दाब बिलावर लिहून घ्या, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा सेल्फ खाऊ लागली तर तुलना करायला आकडा हाताशी असेल.